आठ दिवसांची बोली

रविवार, ७ सप्टेंबर. दुपारी ३.४०

अभ्यासकेंद्राच्या जिन्यात बसून चिठ्ठी उलगडतो आहे. चार घड्या. आत एवढेच: अ-देश. परत घडी घातली, परत उघडली. तेच.

जमादार मॅडमनी आज पुस्तक काढलेच नाही. म्हणाल्या, निर्वासितांचे राजकारण वाचून कळत नाही, टेबलाला बसून कळते. चार रविवार वाटाघाटी. खेळ म्हणायचे नाही, सराव म्हणायचे. गोष्ट अशी: ब-देशात लढाई झाली. तिथली दोन लाख माणसे नदी ओलांडून अ-देशात आली, तंबूंत राहिली. आता ब-देश म्हणतो, लढाई संपली, आमची माणसे आम्हाला द्या. अ-देशालाही ओझे झाले आहे. माणसे मात्र जायला घाबरतात. मार्ग आपण काढायचा.

म्हणजे ज्याच्या दारात माणसे आली तो देश माझ्याकडे. मलाच जास्त बोलावे लागणार. बारावी अर्धी सोडलेला मी, मुक्त विद्यापीठाची पूर्वपरीक्षा देऊन बी.ए.त शिरलेला. हजेरी सोडून वर्गात तोंड उघडलेले नाही.

ब-देश पवारांकडे. ते वाहतूक पोलिसांत आहेत, बढतीसाठी शिकतात. निर्वासितांच्या प्रतिनिधी बिराजदारबाई, अंगणवाडीत मदतनीस. चिठ्ठी वाचून म्हणाल्या, "हितं पण मीच बेघर व्हय?" सगळे हसले.

घरी आलो तर अक्का उंबऱ्यात शेंगा फोडत बसलेली. नागपंचमीला माहेरी आली ती अजून इथेच आहे. त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

मंगळवार, ९ सप्टेंबर

दुकानात गर्दी कमी. मॅडमनी दिलेले टिपण दोनदा वाचले. मुख्य तत्त्व: जिथे जिवाला धोका आहे तिथे कुणालाही परत लोटायचे नाही. दुसरे: परतणे स्वखुशीचे हवे. हे मला पाठ आहे. कोर्टासमोरच्या टायपिंगच्या दुकानात रोज तेच टाइप करतो, ‘स्वखुशीने, कुणाच्याही दबावाशिवाय’. लोक न वाचता सही करतात.

संध्याकाळी अक्काने टिपण मागून घेतले. तिला वाचायची आवड आहे. मैंदर्गीला, सासरी, वाचायला काही नसते.

"तम्मा, या दोन लाखांत बाया किती?" (मला ती तम्माच म्हणते, धाकटा भाऊ.)
"दिलेलं नाही."
"त्यांना जायचंय का, कुणी विचारतंय का?"
"एक प्रतिनिधी आहे. तिला मत नाही. पण बोलता येतं."
"बोलता येतंय. लई झालं की."

अक्का आता नेहमी डावा खांदा भिंतीला लावून बसते. डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही. विचारले तर सर्दी म्हणते. पंचमीपासून सर्दी. या उकाड्यात कोपराच्या खालपर्यंत बाह्यांचा ब्लाउज. मी पुरते कधी विचारले नाही. अव्वाने, म्हणजे आईने, विचारले असेल. अव्वा सांगत नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

पहिली फेरी. पवारांनी ब-देशाचे निवेदन केले, "आमच्या देशात आता सगळं शांत हाय. रस्ते मोकळे, सिग्नल चालू."
मॅडम: "पवार, देश आहे तुमच्याकडे, चौक नाही."
"मॅडम, चौक सांभाळायला येत नाही त्याला देश कशाला द्यायचा?"
बिराजदारबाई: "शांत हाय तर आमच्या घरांच्या कड्या कुणी तोडल्या?"
"जुन्या होत्या, बाई. गंजल्या."

माझी पाळी आली. लिहून नेले होते तेच वाचले, ‘अ-देशाची साधने मर्यादित आहेत.’ कागद तोंडासमोर धरला होता. मॅडम म्हणाल्या, "सिद्धाराम, कागदातून मान वर काढा. समोर माणूस बसलंय."

समोर बिराजदारबाई होत्या. म्हणाल्या, "साहेब, आम्ही तुमचं खातो तरी किती ओ?"
सगळे हसले, त्याही हसल्या. डबा उघडून शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा तुकडा माझ्यापुढे केला. "घ्या. निर्वासितांकडून."

जेवताना पाहिले: अक्का अर्धीच भाकरी घेते. कधीपासून, ते आठवेना.

गुरुवार, १८ सप्टेंबर

आत्या आल्या होत्या अक्कलकोटहून. मैंदर्गीचा निरोप घेऊन. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, तिथे खताचे दुकान चालवतात. निरोप असा की दसऱ्याला घरची लक्ष्मी घरात पाहिजे. लोक विचारतात.

मग आवाज न उतरवता माझ्याकडे वळून, "तुझं बार्शीचं स्थळ चांगलं हाय रे. पोरगी डी.एड. झालेली. पण त्यांनी पहिलं काय विचारलं, ठाव हाय? थोरली बहीण नांदती का, म्हणून. मी काय सांगू?"

अक्का त्याच वेळी चहा घेऊन आली. उजवी बाजू आमच्याकडे होती. ऐकले असणार. कप ठेवून गेली. अप्पा पेपर वाचत होते. माग बंद पडल्यापासून ते तीच पाने परत परत वाचतात. मान वर केली नाही.

खरे लिहायचे तर मलाही ते स्थळ हवे आहे. वय सत्तावीस. दोन खोल्या. अक्का आल्यापासून मी स्वयंपाकघरात झोपतो. साधने मर्यादित, हे वाक्य मी उगाच नव्हते लिहिले.

रविवार, २१ सप्टेंबर

दुसरी फेरी. तासभर अडून राहिले. पवार म्हणतात आधी माणसे द्या, बिराजदारबाई म्हणतात आधी घरे दाखवा. मी टिपणाच्या समासात काल एक कल्पना लिहून ठेवली होती. धीर करून बोललो.

‘जाऊन पाहणे.’ निर्वासितांनी आठ दिवस तिकडे जाऊन राहावे. स्वतः पाहावे. पटले तर राहावे, नाही तर परत अ-देशात यावे. कुणाचीच मान खाली जात नाही.

पवार लगेच तयार. "या की. बघा की. आमची काय हरकत न्हाय." मॅडमनी फळ्यावर माझे शब्द लिहिले. म्हणाल्या, हा मार्ग जगात खरोखर वापरतात. वर्गाने माझ्याकडे पाहिले. असे कधी झाले नव्हते.

मॅडमचे आणखी एक वाक्य उतरवून घेतले: करार शब्दांवर होतो, विश्वास खुणांवर बसतो, म्हणून समोरच्याला सद्भावनेची एखादी खूण द्यावी.

फक्त बिराजदारबाईंनी विचारले, "बघून झाल्यावर माघारी यायला होडी कुणाची? नदी हाय ना मधी."
मॅडम: "चांगला प्रश्न. मसुद्यात घ्या."
मी घेतले: ‘परतीची व्यवस्था संबंधित पक्ष करतील.’ वाचायला बरे वाटले.

बुधवार, २४ सप्टेंबर

घरी बैठक. मैंदर्गीहून दाजींचे चुलते गुरुलिंगप्पा आणि आणखी दोघे. दाजी स्वतः आले नाहीत. अक्का आत, पडद्यामागे. आमच्यात अशा वेळी बाई बाहेर येत नाही.

बोलणे फिरून फिरून तिथेच. ते म्हणतात पाठवा, अप्पा म्हणतात बघू. त्यांचे ‘बघू’ दर वेळी आधीपेक्षा बारीक. तेव्हा मी बोललो. कागद नव्हता हातात, मान वर होती. "आठ दिवस येऊ दे अक्काला तुमच्याकडे. राहू दे, बघू दे. पटलं तर राहील. नाही तर परत."

गुरुलिंगप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग मांडीवर थाप मारली. "पोरगं शिकतंय म्हणायचं! मान्य. न्हाय पटलं तर मी आणून सोडतो. माझा शब्द."
मी म्हटले, "लिहून घेऊ या का?"
अप्पांनी डोळे मोठे केले. "आपल्या माणसांत कागद कशाला?"
गुरुलिंगप्पा हसले. "कोर्टाच्या दारात बसून बसून याला कागदाशिवाय पचत न्हाय बघा."
सगळे हसले. मीही.

कानाचे काढायचे होते. वाक्य तयार होते: ‘अक्काला डाव्या कानाने ऐकू का येत नाही, ते आधी सांगा.’ तेवढ्यात गुरुलिंगप्पांनी पानाचे ताट पुढे ओढले, अव्वाने चहा पाठवला, आणि

राहिले.

ते गेल्यावर आत गेलो. अक्का कप विसळत होती.
"अक्का, आठच दिवस. पटलं नाही तर यायचं."
"तू ठरवलास?"
"सगळ्यांनी."
"बरं." तोच कप तिने पुन्हा विसळला.

अप्पांनी आज मला शेजारी बसवून जेवायला घेतले. चांगले वाटले. आता लिहिताना लक्षात येते की जाशील का, असे मी तिला विचारलेच नाही. उद्या विचारीन.

गुरुवार, २५ सप्टेंबर

नवरात्राच्या बॅनरची घाई. विचारायचे राहिले.

रविवार, २८ सप्टेंबर

शेवटची फेरी. मसुदा मंजूर. मी आणि पवारांनी हात मिळवले, मॅडमनी मोबाइलवर फोटो घेतला. फोटोत बिराजदारबाई कडेला, अर्ध्या कापलेल्या. त्यांना मत नव्हते, सहीही नव्हती.

जिन्यात त्या म्हणाल्या, "मसुदा झ्याक झाला, सिद्धाराम. होडीचं तेवढं गोल गोल लिवलंस."
"संबंधित पक्ष म्हणजे दोन्ही देश, बाई."
"दोघांची होडी म्हंजी कुणाचीच न्हाय की."

मॅडमनी सांगितले, करार तपासून त्याच्या पुढची गोष्ट त्या लिहून आणणार आहेत. सहा महिन्यांनंतर काय झाले ते. बारा तारखेला.

मंगळवार, ३० सप्टेंबर

सकाळी गुरुलिंगप्पांची जीप आली. बायकांपैकी त्यांची सून आलेली, अक्काला न्यायला.

अक्काने एकच पिशवी भरली होती. दोन साड्या, कंगवा. बाकी कपडे इथेच खुंटीवर. मुद्दाम ठेवले, मला कळले.

निघताना अव्वा तांदूळ, नारळ, खण घेऊन देवासमोर उभी राहिली आणि थांबली. ओटी (अव्वा उडी म्हणते) भरायची की नाही. माझ्याकडे बघितले, अक्काकडे बघितले. "भरू का, महानंदा?"

"ब्याड, अव्वा," अक्का म्हणाली. हळू, पण स्वच्छ. "नको भरू. मी बघून येणार हाय."

बाहेर जीपचा हॉर्न. त्यांची सून दारात उभी, सगळे पाहत होती. वाटले, लेकीला रिकाम्या पदराने पाठवली तर पहिल्याच पावली अपमान होईल त्यांचा. मनात मॅडमचे वाक्य. सद्भावनेची खूण.

मी म्हटले, "भर अव्वा. बरं दिसतं."

अव्वाने भरली. अक्काने पदर पुढे केला. तांदूळ पडताना ती माझ्याकडे बघत होती, रागाने नाही. वर्गात मॅडमनी एखादे उत्तर चुकले म्हणून न सांगता नुसते बघावे, तसे.

बाहेर पडताना ती ‘येते’ म्हणाली नाही.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

आपट्याची पाने घेऊन अप्पा देवळात. मी दाजींच्या फोनवर फोन केला, अक्काचा बंद लागतो. दाजी गोड बोलले. फोन स्पीकरवर होता, मागे बायकांचे आवाज.

अक्का: "तम्मा, सोनं वाटलास का?"
"व्हय. तू बरी आहेस ना?"
"आठवा दिवस बुधवारी येतोय ना?"
"व्हय, बुधवारी."
"बरं."
मग दाजी, "चला, जेवणं व्हायचीत."

रविवार, ५ ऑक्टोबर

वर्ग नाही. अक्काच्या खुंटीवरच्या साड्या अव्वाने धुऊन परत तिथेच लावल्या. वाळलेल्या असताना का धुतल्या, विचारले नाही.

बुधवार, ८ ऑक्टोबर

गुरुलिंगप्पा आणून सोडणार होते. दुपारी बारापर्यंत वाट पाहिली. फोन उचलत नव्हते. शेठकडून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि एस.टी.ने निघालो. जाताना एक तिकीट. येताना एक पूर्ण आणि एक अर्धे (बायकांना अर्धेच पडते), असा हिशोब धरून सुटे पैसे नेले होते.

पोहोचलो तेव्हा ओसरीवर गुरुलिंगप्पा, दाजी, आणखी एक जण. पाणी दिले. चहा दिला. मी म्हटले, आठ दिवस झाले, अक्काला न्यायला आलो.

गुरुलिंगप्पांना खरेच आश्चर्य वाटले. सोंग नव्हते, हेच जास्त लागले.
"न्यायला? उडी भरून पाठवलासा की रे."
"ते निघताना आपलं... पद्धत म्हणून."
"बघायला पाठवताना कुणी उडी भरतंय का? माझ्या सुनेनं डोळ्यानं बघितलं. मला वाटलं, तुमच्या मनातलं गेलं, तुम्ही नांदायलाच पाठवलासा. लई बरं वाटलं मला. हितं बायकांनी पदर सोडून घेतला, नारळ देवापुढं फोडला, तांदूळ आमच्या तांदळात मिसळलं. आता काय निवडून देऊ तुला?"

बोली आठ दिवसांची होती, मी म्हटले. तुमचा शब्द होता.
"माझा शब्द व्हता. तुमची उडी व्हती. शब्दावर उडी पडली."

मी दाजींना म्हटले, अक्काला बाहेर बोलवा, तिलाच विचारू.
दाजी शांतपणे म्हणाले, "विचार की. ती काय, तिथं हाय."

मागच्या परड्याच्या फाटकातून दिसत होती. सोप्याच्या कट्ट्यावर ज्वारी पाखडत होती, आमच्याकडे डावी बाजू करून. मी हाक मारली, "अक्का!" ती पाखडत राहिली. पुन्हा मारली, मोठ्याने. तिच्या उजव्या कानाशी सुपाचा आवाज चालूच.

दाजी म्हणाले, "बघा. सख्ख्या भावाच्या हाकेला ओ देत न्हाय. तिला यायचंच न्हाय. आता मी काय तिला ढकलून घालवू?"

कान, असे मी म्हटले. एवढेच. "तिचा कान..." दाजींनी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "काय झालंय कानाला?" आणि वाट बघत राहिले. सगळे वाट बघत राहिले. मी रिकामा कप उचलून परत ठेवला. पुढे जाऊन फाटक ढकलायचे होते, दहा पावलेही नव्हती. तेवढ्यात सासूबाई आल्या, तिला खांद्याला धरून आत घेऊन गेल्या.

तिने मला पाहिले की नाही, माहीत नाही. बहुतेक नाही. म्हणजे तिच्या लेखी आठव्या दिवशी कुणी आले नाही.

अर्धे तिकीट लागले नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

अव्वाला सांगितले तर ती म्हणाली, "मी भरली. माझ्या हातानं." मी म्हटले, मी भर म्हटलो. दोघेही तेवढेच बोललो.

अप्पा पेपर.

रविवार, १२ ऑक्टोबर

जायचे नव्हते. गेलो.

मॅडमनी पुढची गोष्ट वाचून दाखवली. ‘सहा महिन्यांनंतर. जे पाहायला गेले त्यांच्यासाठी होडी आली नाही. अ-देश म्हणाला, होडी ब-देशाने द्यायची. ब-देश म्हणाला, त्यांना यायचेच नाही, नाही तर त्यांनी हाक मारली नसती का?’

मॅडम म्हणाल्या, तुमच्या मसुद्यात जिथे फट राहिली तिथूनच मी लिहिले, कुणी मनाला लावून घेऊ नका. पुढे विचारले, "त्यांना यायचंय का, हे विचारण्याची जबाबदारी कुणाची होती? मसुद्यात आहे का?" मसुदा माझा. म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते. मागच्या वेळी बघितले तसेच.

उठून जिन्यात आलो. मागोमाग बिराजदारबाई आल्या, पाण्याची बाटली घेऊन. "एवढं काय मनाला लावून घेतोस? सराव हाय नुसता." मग सांगितले त्यांना. पहिल्यापासून, कान, बैठक, ओटी, सूप. पवारही येऊन खालच्या पायरीवर उभे राहिले होते, ते मागाहून कळले.

बाईंनी बाटलीचे झाकण फिरवून लावले. मग म्हणाल्या, "ठाव व्हतं तर डावीकडनं हाक का मारलास रे?"
"फाटक तिकडं होतं."
"फाटक." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

पवार वर्गात बोलतात तसे बोलले नाहीत. "सज्ञान बाई हाय. दारात उभी राहून चार माणसांत ‘मला माहेरी जायचंय’ म्हणाली, तर तिला कुणी अडवू शकत न्हाय. अडवलं तर मला फोन कर, तिथल्या ठाण्यात मी बोलतो. पण ती म्हणाली पाहिजे. तू न्हाय, तुझे वडील न्हाय. ती."

बि.बाई: "आणि ती म्हणायला तिला कुणी विचारलं पाहिजे."

गुरुवार, १६ ऑक्टोबर

आत्यांचा फोन. बार्शीकर तयार. ‘बहीण नांदायला गेली म्हणं, आता काय अडचण न्हाय.’ दिवाळीनंतर बघायला या म्हणतात. अव्वाने साखर काढली, हातात घेऊन उभी राहिली, परत डब्यात टाकली.

दाजींचा फोन: या क्रमांकाशी संपर्क होऊ शकत नाही.

दुकानात आज एकाचे प्रतिज्ञापत्र टाइप केले. ‘स्वखुशीने’ या शब्दाशी आलो आणि थांबलो. माणूस म्हणाला, काय झालं ओ, लाइट गेली का? त्याला विचारले, हे तुम्ही स्वखुशीनेच करताय ना? तो घाबरून माझ्याकडे बघायला लागला. शेठ ओरडले.

मंगळवार, २१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

पणत्या लावून झाल्यावर अव्वा पायरीवर बसली. मी शेजारी. न विचारता बोलली.

"पंचमीलाच सांगितलं तिनं मला. जेवण वाढायला उशीर झाला म्हणून त्यानं कानाखाली मारलं. एकदा न्हाय. रक्त आलतं कानातनं. मी म्हटलं, अप्पांना सांगू नको, त्यांना सोसायचं न्हाय."

मागून अप्पांचा आवाज, "मला ठाव व्हतं."

आम्ही वळलो नाही. अप्पा म्हणाले, "मला वाटलं, आठ दिवसांनी येतीय. पोरगं शिकलंय, काहीतरी नीट बांधून बोललं असंल."

म्हणजे सगळ्यांना माहीत होते. अप्पांना, अव्वाला, मला. बैठकीत बसलेल्यांत न बोलणारे आम्हीच होतो. तिकडच्यांना लपवायची गरजही पडली नाही.

अप्पा जरा वेळाने म्हणाले, "भाऊबीजेला भावाला कुणी दारातनं घालवत न्हाय. जा."

बुधवार, २२ ऑक्टोबर. पाडवा

आत्यांना फोन करून बार्शीला नाही कळवा म्हणालो. त्या: "डोकं फिरलं का तुझं?" मी म्हटले, बहीण नांदते असे सांगून मुलगी आणायची नाही. त्यांनी फोन ठेवला. जेवढे वाईट वाटेल असे वाटले होते त्याहून जास्त वाटले. लिहून ठेवतो.

पवारांना फोन केला. उद्या दिवसभर मोबाइल चालू ठेवतो म्हणाले. बिराजदारबाईंना केला. म्हणाल्या, "मोकळ्या हातानं जा. नारळ नको, खण नको, कशाचा अर्थ कुणी लावंल असं काय नेऊ नको. ओवाळणीचं पाकीट तेवढं ने."

अव्वाने फराळाचा डबा भरला होता. समजावून ठेवायला लावला. तिने झाकण घट्ट लावले आणि फळीवर ठेवला. "आली की इथंच खाईल," म्हणाली.

काय करायचे ते रात्रीपर्यंत चार वेळा मनात म्हणून पाहिले. ओवाळताना ती समोर असणार, ताम्हण हातात. टिळा लावायला वाकेल. तेव्हा तिच्या उजव्या बाजूला झुकायचे. बोली, शब्द, ओटी काही काढायचे नाही. ‘अक्का, तुला काय पाहिजे?’ एवढेच. आणि ती बोलेपर्यंत थांबायचे. सूचना द्यायची नाही. मसुदा नाही.

ती नको म्हणाली तर? भीतीने म्हणाली तर? आठव्या दिवशी आला नाहीस, आता कशाला आलास, असे म्हणाली तर

याचे उत्तर टिपणात नाही.

गुरुवार, २३ ऑक्टोबर. भाऊबीज. पहाटे ५.५०

सोलापूर स्टँड, अक्कलकोटच्या फलाटावर. गाडी लागली नाही अजून. बाकावर बसून लिहितो आहे. शेजारी एक आजोबा, मांडीवर मिठाईचा पुडा, तेही बहिणीकडेच. "तुमची कुठं असती?" विचारले. मैंदर्गी म्हटले. "सुखात हाय ना?" मी म्हटले, विचारायला चाललोय. त्यांना ते उत्तर चमत्कारिक वाटले असावे, पुडा दुसऱ्या मांडीवर घेतला.

गाडी येते आहे. हिशोब मांडून ठेवतो.

दुकानातून उचल: ५००.
ओवाळणी, पाकिटात: १०१.
एस.टी. जाताना, पूर्ण एक: ९१.
येताना, पूर्ण एक: ९१.
देणे: शेठचे ५००, पगारातून कापतील. बिराजदारबाईंच्या भाकरीचे काही नाही, त्या घेत नाहीत. अक्काचा आठवा दिवस.
येताना, अर्धे एक: ४६. सुटे करून वरच्या खिशात वेगळे ठेवले आहेत.